हातचे कसब आणि संघाचे बंधन
व्यावसायिक बास्केटबॉलमधील वैयक्तिक कौशल्य व खेळाडूंचे संघांतर



आपल्या शाळेच्या क्रीडाशिक्षकांच्या स्मृतीस वाहिलेल्या या व्याख्यानमालेत आजवर साहित्य, इतिहास आणि शिक्षण या विषयांवर पुष्कळ बोलले गेले. ज्यांच्या नावाने आपण जमतो त्यांचे आयुष्य मात्र मैदानावर गेले. तेव्हा या वर्षी विषय खेळाचाच असावा, ही चालकांची सूचना मला मनापासून पटली. मराठीच्या अध्यापकाने बास्केटबॉलवर काय बोलावे, अशी शंका कोणाच्या मनात येणे साहजिक आहे. पण वृत्ताच्या बंधनात कवीचे कसब कसे प्रकट होते, हे वर्गात शिकवताना जो प्रश्न समोर उभा राहतो, तोच या खेळातही उभा राहतो. नियम सर्वांना सारखे असतात. मग एखाद्याचा हात इतरांहून वेगळा का चालतो? आणि तो वेगळा चालणारा हात अखेर कोणाच्या मालकीचा? ज्याच्या खांद्याला तो आहे त्याच्या, की त्याला पगार देणाऱ्या संघाच्या? या दोन प्रश्नांचा विचार मी अमेरिकेतील व्यावसायिक बास्केटबॉलच्या आधारे मांडणार आहे. कारण या दोन्ही प्रश्नांचा झगडा तेथे जितका उघडपणे झाला, तितका क्वचितच अन्यत्र झाला असेल.

१. बंधनातून जन्मलेले कौशल्य

बहुतेक खेळांचा उगम काळाच्या धुक्यात हरवलेला असतो. बास्केटबॉलचे तसे नाही. डिसेंबर १८९१ मध्ये अमेरिकेतील मॅसॅच्युसेट्स राज्यात स्प्रिंगफील्ड येथील वायएमसीएच्या प्रशिक्षण विद्यालयात जेम्स नेस्मिथ या कॅनडात जन्मलेल्या शिक्षकाने हा खेळ रचला. हिवाळ्यात बाहेर खेळता येत नाही, आणि बंद सभागृहात फुटबॉलसारखी धसमुसळ झाली तर हातपाय मोडतात, ही त्याची अडचण होती. त्याने पीच या फळाच्या दोन टोपल्या सभागृहाच्या सज्जाला ठोकल्या. सज्जा जमिनीपासून १० फूट उंच होता; आज जगभर बास्केटची कडी १० फुटांवर असते, ती त्या सज्जामुळे. वर्गात १८ विद्यार्थी होते, म्हणून पहिला सामना नऊ विरुद्ध नऊ असा झाला. पाच-पाच खेळाडूंची पद्धत नंतर रूढ झाली.

नेस्मिथने १३ नियम लिहिले. त्यांतला एक या खेळाचा प्राण आहे: चेंडू हातात घेऊन पळता येणार नाही, जेथे झेलला तेथूनच तो फेकला पाहिजे. धक्का देणे, धरणे, पाडणे यांनाही मनाई होती. म्हणजे ज्याच्याजवळ चेंडू आहे तो जागेला खिळलेला आणि ज्याला त्याला अडवायचे आहे त्याला अंगाला हात लावण्याची बंदी. बळाचे दोन्ही सोपे मार्ग नेस्मिथने बंद करून टाकले, आणि त्यामुळे युक्तीला वाट मोकळी झाली.

पहिली युक्ती लवकरच निघाली. चेंडू घेऊन पळता येत नाही, पण जमिनीवर टप्पा मारून आपणच आपल्याला ‘पास’ दिला तर? यातून ड्रिबल जन्मास आले. नियमाने जे मागितले नव्हते, परंतु ज्याला मनाईही केली नव्हती, अशा फटीतून खेळाडूने काढलेली ती वाट होती. पुढे बॉस्टन सेल्टिक्सच्या बॉब कूझीने १९५० च्या दशकात चेंडू पाठीमागून एका हातातून दुसऱ्या हातात नेऊन दाखवला, तेव्हा अनेकांना तो दिखाऊपणा वाटला. आज शाळकरी मुलेही ते सहज करतात.

दुसरी युक्ती उडी मारून चेंडू फेकण्याची. आरंभी खेळाडू दोन्ही पाय जमिनीवर ठेवून दोन्ही हातांनी फेक करीत. उडी मारून, हवेत उंच असताना एका हाताने चेंडू सोडणे ही कल्पना १९३० च्या दशकात एकाहून अधिक जणांना सुचली असावी. परंतु ती आज जशी दिसते तशी रूढ करणाऱ्यांत वायोमिंगच्या केनी सेलर्सचे नाव अग्रभागी घेतले जाते. त्याचा थोरला भाऊ त्याच्यापेक्षा पुष्कळ उंच होता. घरच्या अंगणात खेळताना भावाच्या हातांवरून चेंडू काढायचा तर उडी मारण्यावाचून गत्यंतर नव्हते. धाकट्याची अडचण अशा रीतीने साऱ्या खेळाची संपत्ती झाली.

येथे एक गोष्ट ध्यानात घ्यावी. बास्केटबॉलमध्ये संघात पाचच जण एका वेळी खेळतात आणि त्या पाचांतील प्रत्येक जण आक्रमणही करतो व संरक्षणही. क्रिकेटच्या अकरांत किंवा फुटबॉलच्या अकरांत एका माणसाचा वाटा जेवढा, त्याहून येथे तो कितीतरी मोठा असतो. म्हणूनच एक असामान्य खेळाडू आला की संघाचे नशीब पालटते, आणि तो गेला की संघ ओस पडतो. संघमालकांना खेळाडू बांधून ठेवावासा का वाटतो, याचे मूळ या साध्या अंकगणितात आहे.

२. नेमामागची भूमिती

वैयक्तिक कौशल्य म्हणजे दैवी देणगी, असे आपण सहज म्हणून जातो. पण त्यात समजून घेण्याजोगे पुष्कळ असते. बास्केटच्या कडीचा व्यास १८ इंच, आणि चेंडूचा सुमारे साडेनऊ इंच. चेंडू सरळ वरून खाली आला, तर त्याला पूर्ण १८ इंचांचे दार मोकळे असते. तो जसजसा आडवा येऊ लागतो, तसतसे दार त्याच्या दृष्टीने चिंचोळे होत जाते. ४५ अंशांच्या कोनातून येणाऱ्या चेंडूला ते पावणेतेरा इंचांच्या आसपास दिसते, आणि ३० अंशांतून येणाऱ्याला अवघे ९ इंच. म्हणजे इतक्या सपाट फेकीचा चेंडू कडीला न लागता आत जाणे अशक्यच. म्हणून चांगला नेमबाज चेंडूला कमान देतो. कमान फार उंच केली तर मात्र जोर जास्त लागतो आणि अंतराचा अंदाज चुकतो. या दोन टोकांमधला सुवर्णमध्य शोधणे म्हणजेच सराव. बोटांच्या टोकांनी चेंडूला उलटी फिरकी दिली की तो कडीवर आदळल्यावर पुढे निसटत नाही, त्याचा वेग मरतो आणि पुष्कळदा तो आतच पडतो.

कौशल्याला लोकलज्जेचेही बंधन असते, याचे एक उदाहरण सांगण्यासारखे आहे. नियमभंगाबद्दल जी मोफत फेक मिळते ती १५ फुटांवरून, कोणी अडवायला नसताना. रिक बॅरी हा खेळाडू ती दोन्ही हातांनी, गुडघ्यांमधून, खालून वर अशी फेकत असे. त्याच्या शंभरांतल्या सुमारे ९० फेकी आत जात. विल्ट चेंबरलेन या प्रचंड ताकदीच्या खेळाडूने २ मार्च १९६२ रोजी पेनसिल्व्हेनियातील हर्शी गावी एकट्याने १०० गुण केले. तो विक्रम आजही अबाधित आहे. त्या रात्री त्यानेही मोफत फेकी खालून टाकल्या होत्या आणि ३२ पैकी २८ साधल्या होत्या. पुढे त्याने ती पद्धत सोडून दिली. ती बायकी दिसते असे आपल्याला वाटे, असे त्याने स्वतःच नंतर लिहिले. त्याची अचूकता पुढे फार घसरली. गुण मिळत असतानाही हसे होण्याच्या भीतीने माणूस बरोबर वाट सोडतो, हे शिक्षकांनी आणि पालकांनी ध्यानात ठेवण्याजोगे आहे.

नियमात बदल झाला की कौशल्याची किंमत कशी बदलते, हेही पाहावे. २२ नोव्हेंबर १९५० रोजी फोर्ट वेन आणि मिनिआपोलिस यांच्यातील सामना १९-१८ असा संपला, कारण एका संघाने चेंडू नुसता धरून ठेवला होता. प्रेक्षक कंटाळले. १९५४ मध्ये सिराक्यूज संघाचे मालक डॅनी बियासोन यांच्या आग्रहावरून २४ सेकंदांत फेक केलीच पाहिजे असा नियम आला. हिशेब सोपा होता: रंगतदार सामन्यात दोन्ही संघ मिळून सुमारे १२० फेकी करतात, ४८ मिनिटांचे सेकंद २,८८०, भागाकार २४. या एका नियमाने वेगवान, चपळ खेळाडूंना बरकत आली.

तसेच १९७९-८० च्या हंगामात नॅशनल बास्केटबॉल असोसिएशनने, म्हणजे एनबीएने, दूरच्या फेकीला दोनाऐवजी तीन गुण देण्यास आरंभ केला. ही रेषा कडीपासून २३ फूट ९ इंचांवर असते, कोपऱ्यांत २२ फुटांवर. पहिल्या हंगामात एक संघ सामन्यास सरासरीने तीनच्या आतच अशा फेकी करीत असे. अलीकडे ती संख्या ३५ च्या वर गेली आहे. शंभर फेकींत ३६ वेळा तीन गुण मिळवले तर १०८ गुण होतात. तेवढेच गुण जवळून मिळवायचे तर ५४ फेकी साधाव्या लागतात. हे गणित संघांना उमगायला तीन दशके लागली. ज्या खेळाडूने ते साऱ्या जगाच्या डोळ्यांसमोर मांडले तो स्टीफन करी. या खेळाच्या मानाने त्याची उंची बेताची, सुमारे सव्वासहा फूट. २०१५-१६ च्या हंगामात त्याने अशा ४०२ फेकी साधल्या. १४ डिसेंबर २०२१ रोजी न्यूयॉर्कमध्ये कारकिर्दीतील सर्वाधिक तीन-गुणी फेकींचा रे ॲलनचा विक्रम मोडला. आणि मार्च २०२५ मध्ये ४,००० चा टप्पा ओलांडला.

३. एका फेकीचे चरित्र

कौशल्य आणि संघांतर हे दोन्ही धागे एकाच आयुष्यात पाहायचे असतील तर करीम अब्दुल-जब्बार यांचे चरित्र घ्यावे. त्यांचे मूळ नाव ल्यू अल्सिंडर. इस्लाम स्वीकारल्यावर १९७१ पासून ते नव्या नावाने ओळखले जाऊ लागले. उंची ७ फूट २ इंच. ते लॉस एंजेलिसच्या विद्यापीठात शिकत असताना, १९६७ मध्ये, महाविद्यालयीन बास्केटबॉलमध्ये चेंडू वरून थेट कडीत कोंबण्यास, ज्याला ‘डंक’ म्हणतात त्यास, बंदी घालण्यात आली. ती १९७६ पर्यंत टिकली. त्यांच्या वर्चस्वाला आळा घालण्यासाठीच हा नियम झाला, असे पुष्कळांनी तेव्हाही म्हटले.

सोपा मार्ग बंद झाल्यावर त्यांनी दुसरा मार्ग घासूनपुसून लखलखीत केला. तो म्हणजे ‘स्कायहुक’. यात खेळाडू कडीकडे तोंड करीत नाही. तो एका कुशीवर वळतो. त्यामुळे अडवणारा आणि चेंडू यांच्यामध्ये त्याचे संपूर्ण शरीर येते. मग एका पायावर उचलून, लांबचा हात पूर्ण ताणून, डोक्याच्याही वरून मनगटाच्या झटक्याने चेंडू सोडायचा. चेंडू सुटतो तो बिंदू इतका उंच, की तेथे दुसऱ्याचा हात पोहोचत नाही. आणि चेंडू एकदा कडीकडे खाली येऊ लागला की त्याला स्पर्श करण्यास नियमानेच मनाई असते. चढताना गाठता येत नाही आणि उतरताना शिवता येत नाही, असा हा पेच होता. वीस हंगामांत त्यांनी ३८,३८७ गुण केले. १९८९ मध्ये ते निवृत्त झाले, आणि त्यांचा विक्रम मोडायला ७ फेब्रुवारी २०२३ उजाडावा लागला. तो लेब्रॉन जेम्सने मोडला.

आता दुसरा धागा. १९६९ मध्ये मिल्वॉकी बक्स या संघाने त्यांची निवड केली. निवड हा शब्द येथे नीट समजून घेतला पाहिजे. नवोदित खेळाडूने कोठे खेळायचे हे तो ठरवीत नाही; संघ क्रमाक्रमाने खेळाडू निवडतात, आणि ज्याने निवडले त्याच्याशीच खेळाडूला करार करावा लागतो. १९७० मध्ये अनुभवी ऑस्कर रॉबर्टसन सिनसिनाटीहून मिल्वॉकीत आला आणि १९७१ मध्ये संघाने विजेतेपद पटकावले. पण अब्दुल-जब्बार यांचे मन त्या शहरात रमले नाही. आपल्या सांस्कृतिक आणि आत्मिक गरजा तेथे भागत नाहीत, असे सांगून त्यांनी न्यूयॉर्क किंवा लॉस एंजेलिसला पाठवण्याची विनंती केली. १९७५ मध्ये संघाने त्यांना लॉस एंजेलिस लेकर्सकडे दिले आणि बदल्यात चार खेळाडू घेतले. लेकर्सने पुढे त्यांच्यासह १९८० ते १९८८ या काळात पाच विजेतेपदे मिळवली. मिल्वॉकीला पुढचे विजेतेपद पाहायला २०२१ पर्यंत, म्हणजे पहिल्यापासून पूर्ण ५० वर्षे, थांबावे लागले.

एका माणसाच्या जाण्याने एका शहराची अर्धी शतकभर प्रतीक्षा झाली, असे म्हणताना थोडी अतिशयोक्ती होते. इतरही कारणे होतीच. पण मिल्वॉकीच्या प्रेक्षकाला काय वाटले असेल याची कल्पना आपण करू शकतो. आणि परक्या गावात एकटेपण सोसणाऱ्या तरुणाला काय वाटले असेल, याचीही.

४. खेळाडू कोणाचा?

१९७५ मध्ये अब्दुल-जब्बार यांना विनंती करावी लागली. हक्क म्हणून त्यांना काही मागता येत नव्हते. याचे कारण करारातील एक कलम. त्याचा मथितार्थ असा, की कराराची मुदत संपली तरी संघ तो आपल्या इच्छेने पुढे चालू ठेवू शकतो. खेळाडू मात्र दुसऱ्या संघाशी बोलणी करू शकत नाही. म्हणजे करार नावाला ठरावीक मुदतीचा, व्यवहारात आजन्म. संघाने मनात आणले तर तो खेळाडूला दुसरीकडे देऊन टाकू शकतो. खेळाडूने मनात आणले तर तो फक्त खेळ सोडू शकतो.

याविरुद्ध खेळाडूंनी हळूहळू पावले उचलली. १९५४ मध्ये बॉब कूझीने खेळाडूंची संघटना उभी केली. जानेवारी १९६४ मध्ये बॉस्टनला निवडक तारांकित खेळाडूंचा सामना दूरचित्रवाणीवर दाखवला जाणार होता, तेव्हा निवृत्तिवेतनाची हमी मिळाल्याशिवाय आम्ही मैदानात उतरणार नाही असे खेळाडूंनी ऐन वेळी सांगितले. हमी मिळाली, मग सामना झाला.

१९६७ मध्ये अमेरिकन बास्केटबॉल असोसिएशन ही प्रतिस्पर्धी संघटना निघाली आणि खेळाडूंना प्रथमच दुसरे दार दिसले. रिक बॅरीने ते ठोठावले. पण न्यायालयाच्या आदेशामुळे जुन्या कराराचे वर्ष संपेपर्यंत त्याला एक संपूर्ण हंगाम बसून काढावा लागला. १९७१ मध्ये स्पेन्सर हेवूड या तरुणाचे प्रकरण सर्वोच्च न्यायालयापर्यंत गेले. शाळा सोडल्यानंतर चार वर्षे उलटल्याशिवाय कोणालाही व्यावसायिक खेळात घेऊ नये, असा एनबीएचा दंडक होता. गरीब घरातल्या हेवूडला चार वर्षे थांबणे परवडणारे नव्हते. न्यायालयाचा कौल त्याच्या बाजूने लागला.

सर्वांत मोठा लढा ऑस्कर रॉबर्टसनचा. मैदानावर तो सर्वांगपरिपूर्ण खेळाडू होता. १९६१-६२ च्या संपूर्ण हंगामात त्याची सरासरी दर सामन्यास ३०.८ गुण, १२.५ रिबाउंड आणि ११.४ असिस्ट अशी होती. तिन्ही बाबतींत दोन आकडी सरासरी राखणे त्यानंतर ५५ वर्षे कोणाला साधले नाही. खेळाडूंच्या संघटनेचा अध्यक्ष या नात्याने त्याने १९७० मध्ये दावा गुदरला. दोन्ही संघटनांचे विलीनीकरण झाले तर पुन्हा एकच दार उरेल आणि खेळाडू पुन्हा जखडले जातील, ही त्याची भूमिका होती. दावा सहा वर्षे चालला. १९७४ मध्ये तो निवृत्त झाला तेव्हाही निकाल लागला नव्हता. १९७६ मध्ये तडजोड झाली, जुने कलम क्रमाने रद्द व्हावयाचे ठरले, आणि मगच विलीनीकरणास वाट मिळाली. तरीही काही वर्षे जुन्या संघाला भरपाई देण्याची आणि पुढे नव्या संघाने देऊ केलेली रक्कम देऊन खेळाडू राखून ठेवण्याची मुभा उरलीच. संपूर्णपणे मुक्त होऊन संघ बदलणारा पहिला खेळाडू टॉम चेंबर्स. तो १९८८ मध्ये सिएटलहून फीनिक्सला गेला. दावा दाखल झाल्यापासून अठरा वर्षे लोटली होती. ज्याने झाड लावले त्याला त्याची सावली मिळाली नाही.

५. स्वातंत्र्याची किंमत आणि तिची मर्यादा

खेळाडू मोकळा झाला की श्रीमंत शहरांचे संघ सारे उत्तम खेळाडू खरेदी करतील, ही भीती खोटी नव्हती. म्हणून १९८४-८५ पासून प्रत्येक संघाच्या एकूण पगारखर्चावर मर्यादा आली. तेव्हा ती ३६ लक्ष डॉलर होती. २०२५-२६ च्या हंगामासाठी ती १५ कोटी ४० लक्ष डॉलरांच्या वर गेली. या मर्यादेला आरंभापासूनच एक महत्त्वाचा अपवाद ठेवलेला आहे. बाहेरून खेळाडू आणताना मर्यादा पाळावी लागते, पण आपल्याकडेच खेळत आलेल्या खेळाडूला राखून ठेवायचे असेल तर ती ओलांडता येते. बॉस्टनच्या लॅरी बर्डच्या नावाने हा अपवाद ओळखला जातो. जुन्या ऋणानुबंधाला कायद्याच्या भाषेत दिलेला हा मान म्हणावा लागेल. २०२३ च्या करारानंतर अतोनात खर्च करणाऱ्या संघांच्या अदलाबदलीच्या अधिकारांवरही कडक बंधने आली आहेत.

१९९९ पासून एका खेळाडूच्या पगारालाही कमाल मर्यादा आहे. तिचा परिणाम कोणाच्या ध्यानीमनी नसेल असा झाला. सर्वश्रेष्ठ खेळाडूला कोठेही गेले तरी जवळजवळ तेवढेच पैसे मिळणार. मग तो निवड कशावरून करील? सोबत्यांवरून, शहरावरून आणि जिंकण्याच्या शक्यतेवरून. २०१० च्या जुलै महिन्यात लेब्रॉन जेम्सने दूरचित्रवाणीवरून जाहीर केले, की आपण क्लीव्हलंड सोडून मायामीला जात आहोत. क्लीव्हलंडच्या जवळचे ॲक्रन हे त्याचे जन्मगाव. लोकांनी त्याच्या नावाचे अंगरखे रस्त्यावर जाळले. तो २०१४ मध्ये परत आला, आणि २०१६ मध्ये त्याने त्याच शहराला विजेतेपद मिळवून दिले. २०१८ मध्ये तो पुन्हा लॉस एंजेलिसला गेला, तेव्हा कोणी काही जाळल्याचे ऐकिवात नाही. ऋण फिटले, असे लोकांनी मानले असावे.

२०१६ मध्ये केविन ड्युरांट ओक्लाहोमा सिटीहून गोल्डन स्टेटकडे गेला. त्या वर्षी दूरचित्रवाणीच्या नव्या करारामुळे पगारमर्यादा ७ कोटी डॉलरांवरून एकदम ९ कोटी ४० लक्षांवर गेली होती. त्यामुळेच आधीच बलाढ्य असलेल्या संघात त्याच्यासाठी जागा झाली. त्या संघाने २०१७ आणि २०१८ ची विजेतेपदे जिंकली. खेळाडूने स्वतःचा हक्क बजावला आणि स्पर्धेची चुरस मात्र कमी झाली, असा हा पेचप्रसंग होता.

याची दुसरी बाजूही आहे, आणि ती चर्चेत कमी येते. फेब्रुवारी २०२५ मध्ये डॅलस संघाने २५ वर्षांच्या लुका डॉन्चिचला लॉस एंजेलिस लेकर्सकडे देऊन टाकले. त्याने तशी मागणी केलेली नव्हती. आदल्याच वर्षी त्याने त्या संघाला अंतिम फेरीत नेले होते. डॅलसच्या प्रेक्षकांनी मैदानाबाहेर निदर्शने केली. खेळाडू सोडून गेला तर त्याला कृतघ्न म्हणतात. संघाने खेळाडूला सोडले तर त्याला व्यवहार म्हणतात. निष्ठेची अपेक्षा दोन्हीकडून सारखी केली जात नाही, एवढे या दोन प्रसंगांवरून स्पष्ट व्हावे.

आणि म्हणूनच, जाण्याची मोकळीक असताना राहिलेल्यांचे मोल अधिक. टिम डंकन १९ हंगाम सॅन अँटोनिओत खेळला, डर्क नोवित्स्की २१ हंगाम डॅलसमध्ये. बिल रसेलनेही बॉस्टनमध्ये १३ हंगामांत ११ विजेतेपदे मिळवली. परंतु त्या काळी जाण्याची वाटच नव्हती. बांधलेल्या माणसाची निष्ठा आणि मोकळ्या माणसाची निष्ठा बाहेरून एकसारख्या दिसतात, पण त्यांची जात निराळी आहे.

६. कसबाचा प्रवास

खेळाडू गाव बदलतो तेव्हा त्याचे कौशल्यही त्याच्याबरोबर जाते. आणि जेथे जाते तेथे रुजते. नायजेरियाचा हकीम ओलाजुवान लहानपणी फुटबॉलमध्ये गोलरक्षण करी आणि हँडबॉल खेळे. बास्केटबॉल त्याने किशोरवयाच्या उत्तरार्धात हाती घेतला. गोलरक्षकाच्या पायांतील चपळाई त्याने या खेळात आणली. कडीकडे पाठ करून तो एका खांद्याने हुलकावणी देई, अडवणाऱ्याचा तोल त्या बाजूला गेला की दुसऱ्या बाजूने वळे. खो-खो आणि कबड्डी खेळलेल्यांना हुलकावणीचे हे शास्त्र वेगळे समजावून सांगायला नको. १९९४ आणि १९९५ मध्ये ह्यूस्टनने विजेतेपदे मिळवली ती मुख्यतः त्याच्या बळावर. निवृत्तीनंतर त्याच्याकडे ही विद्या शिकायला कोबी ब्रायंटसारखे नामांकित खेळाडू आले. २०११ मध्ये लेब्रॉन जेम्सही गेला. प्रतिस्पर्धी संघाच्या खेळाडूला विद्या द्यावी की न द्यावी, असा प्रश्न ओलाजुवानला पडलेला दिसत नाही.

लिथुआनियाचा शारूनस मार्चुल्योनिस १९८९ मध्ये अमेरिकेत आला. चेंडू उचलल्यावर मिळणारी दोन पावले तो एकाच दिशेने न टाकता एक इकडे, एक तिकडे अशी टाकी. अर्जेंटिनाच्या मनू जिनोबिलीने २००२ पासून सॅन अँटोनिओत ती लकब लोकप्रिय केली. आज ती सर्वत्र आढळते, आणि तिचे मूळ गाव कोणते हे खेळणाऱ्या मुलांना ठाऊकही नसते. शब्द एका भाषेतून दुसरीत येतात, स्थिरावतात आणि आपले होऊन जातात, तसेच हे.

भारताचे या प्रवासातील पाऊल अद्याप लहान आहे. पंजाबच्या बल्लो के या खेड्यातील सतनाम सिंगची २०१५ मध्ये डॅलसने ५२ व्या क्रमांकावर निवड केली. एनबीएच्या निवडीत आलेला तो पहिला भारतीय. ऑक्टोबर २०१९ मध्ये मुंबईत वरळी येथे सॅक्रामेंटो आणि इंडियाना या एनबीए संघांचे दोन प्रदर्शनीय सामने झाले, तेव्हा हा खेळ आपल्या दाराशी आला. परंतु चेंडू, टोपली आणि तेरा नियम ही सामग्री शाळेच्या मैदानावर कधीचीच पोहोचलेली आहे.

७. समारोप

हातचे कसब कोणाचे, हा प्रश्न आरंभी घेतला होता. एवढ्या विवेचनानंतर माझे उत्तर असे आहे: कसब घडते ते नियमांच्या बंधनात, सोबत्यांच्या संगतीत आणि ज्या गावाने टाळ्या दिल्या त्या गावाच्या साक्षीने, म्हणून त्या सर्वांचे त्यावर ऋण असते. पण ऋण आणि मालकी या दोन वेगळ्या गोष्टी आहेत. जुन्या कराराने ऋणाला मालकी समजण्याची चूक केली. रॉबर्टसनने ती दुरुस्त करून घेतली. उलट, मालकी संपली म्हणजे ऋणही संपले असे जे मानतात, ते दुसऱ्या टोकाला जातात.

हा विचार आपल्याला परका नाही. माळव्यातील आपल्यापैकी अनेकांचे पूर्वज होळकरांच्या काळात चाकरीच्या निमित्ताने आपापली गावे सोडून इकडे आले आणि येथलेच झाले. या शाळेतून शिकून गेलेली मुले आज पुण्या-मुंबईत, बंगळूरला आणि समुद्रापलीकडे आहेत. त्यांच्यापैकी काही या सभागृहात बसलेली मला दिसत आहेत. सुट्टी काढून आली आहेत. ती गेली म्हणून शाळेने त्यांना कृतघ्न म्हटले नाही, आणि गेल्यावरही त्यांनी शाळेला विसरून टाकलेले नाही. आपण ज्यांचे स्मरण करतो आहोत त्या क्रीडाशिक्षकांनी मैदानावर अनेक मुलांचे हात घडवले, आणि एकाही मुलाला आपल्यापाशी बांधून ठेवले नाही.

खेळाकडे पाहताना गुणफलकापलीकडचे हे काही आपल्याला दिसावे, एवढ्याच हेतूने हे विवेचन केले.